जपानीतले ‘नि’, ‘दे’, ‘वा’, ‘गा’: बेळगावकरांनी जरा मदत करा

उद्यमबागकर

नमस्कार मंडळी. मी उद्यमबागेत एका मशीन शॉपमध्ये क्वालिटीला आहे. सहा महिने झाले, जपानी शिकायलोय. रात्री साडेआठला ऑनलाइन क्लास असतो. डिसेंबरात एन-५, म्हणजे जपानीची सर्वांत सोप्या पातळीची परीक्षा, द्यायची आहे. हिरागाना, काताकाना या लिप्या झाल्या, शब्दही बऱ्यापैकी पाठ झाले. पण वाक्य करायला बसलो की दोन शब्दांच्या मध्ये जे बारके तुकडे येतात तिथं पेन थांबतो. वा, गा, ओ, नि, दे, ए, तो, मो, नो. इंग्रजीत पार्टिकल, जपानीत ‘जोशि’.

आमच्या शॉपमध्ये सेइरी, सेइतोन, सेइसो, सेइकेत्सु, शित्सुके हे फाइव्ह-एसचे, म्हणजे कारखान्यातल्या टापटिपीचे, पाच जपानी शब्द कित्येक वर्षं भिंतीवर रंगवलेले आहेत. हेल्परलासुद्धा ते तोंडपाठ. मलाही वाटायचं की आपल्याला निम्मं जपानी येतंच. पण ते पाचही सुटे शब्द, त्यात एकही जोशि नाही. त्यामुळे वाक्य कसं जोडतात हे त्या भिंतीवरून कधी कळलंच नाही.

गेल्या महिन्यात जपानी पाहुणे आले होते. गेटजवळच्या फळ्यावर स्वागत लिहायचं काम माझ्याकडं आलं. मी मोठ्या अक्षरात ‘कोन्निचिवा’ लिहिलं, शेवटी ‘वा’ हेच अक्षर घातलं. त्यातले वयस्कर इंजिनिअर फळ्यासमोर थांबले, माझ्याकडं बघून हसले, खडू मागून घेतला. शेवटचं अक्षर बोटानं पुसलं आणि तिथं ‘हा’ लिहिलं. मग स्वतःच मोठ्यानं वाचून दाखवलं, ‘कोन्निचिवा’. लिहायचं ‘हा’ आणि म्हणायचं ‘वा’! ते असं का, हे विचारण्याएवढं जपानी माझ्याकडं नव्हतं.

आता मूळ अडचण. क्लास इंग्रजीतून आहे. माझ्या वहीत लिहिलंय: नि म्हणजे इन, ॲट, ऑन, टू. दे म्हणजे इन, ॲट, बाय, विथ. दोन्हीकडं इन आणि ॲट असेल तर निवडायचं कसं? आपल्यापैकी कुणी यातून गेलं असेल तर सांगा.

शहापूरच्या बाई

आधी फळ्याचं सांगते, कारण तुमच्या अर्ध्या प्रश्नाचं उत्तर त्यातच आहे.

कोन्निचि म्हणजे आजचा दिवस. त्याच्या शेवटी लागलेला ‘वा’ हा जोशिच आहे. ते मुळात एका लांब वाक्याचं तोंड आहे, ‘आजचा दिवस म्हणाल तर…’ आणि पुढं कसं काय चाललंय वगैरे. पुढचं गळून गेलं, तोंड तेवढं राहिलं. म्हणून तिथं जोशिचं अक्षर लागतं. 1946 साली जपाननं ‘काना’ लिपीतलं (हिरागाना, काताकाना) लेखन उच्चाराप्रमाणं बदललं, पण तीन जोशिंना जुनंच अक्षर ठेवलं. ‘हा’ लिहून वा म्हणायचं, ‘हे’ लिहून ए म्हणायचं आणि ‘वो’चं अक्षर लिहून ओ म्हणायचं. त्या पाहुण्यांनी पुसून लिहून दाखवलं हे तुमचं भाग्य. आता ते अक्षर तुम्ही जन्मात चुकणार नाही.

दुसरं. वहीतलं ते इंग्रजी पान बाजूला ठेवा. इन, ॲट, टू हे शब्द नामाच्या आधी येतात. जपानी जोशि नामाच्या मागून येतो, क्रियापद शेवटी बसतं. हे आपल्याकडं जन्मापासून आहे. टेबलाच्या वर पुस्तक आहे: ‘त्सुकुए नो उए नि होन गा आरिमास’. त्सुकुए म्हणजे टेबल, नो म्हणजे च्या, उए म्हणजे वर. एकही शब्द जागचा हलवावा लागत नाही. आणि नो किती सोपा बघा. आपल्याला चा, ची, चे, च्या यातून निवडावं लागतं, त्यांना एकच नो. माझ्या आईचं नाव: ‘वाताशी नो हाहा नो नामाए’.

माझं म्हणणं एवढंच आहे की बेळगावच्या माणसाच्या तोंडात दोन भाषा आहेत, मराठी आणि कन्नड, आणि दोन्ही मागून जोडणाऱ्या. जोशि आला की तो दोन्हीत म्हणून बघायचा. दोन्ही जुळल्या तर पुढं जा. जुळल्या नाहीत तर तिथं थांबून नीट शिका.

खानापूरकर

बाई, तुमचं पटलं, पण उद्यमबागकरांचा नि आणि दे तसाच राहिला की. मराठीत दोन्हीकडं ‘त’च येतो. बेळगावात राहतो, बेळगावात काम करतो. कन्नडातही ‘बेळगावियल्ली इर्तिनि, बेळगावियल्ली केलसा माडतिनि’. दोन्ही भाषा जुळल्या, आणि जपानीत मात्र एकीकडं नि, दुसरीकडं दे. मग तुमच्या हिशोबानं पुढं जायचं काय?

शहापूरच्या बाई

बरोबर धरलंत. आपल्या दोन्ही भाषा एकीकडं आणि जपानी दुसरीकडं अशी जागा सर्वांत धोक्याची, ते मी आधीच सांगायला हवं होतं.

तुमचीच दोन वाक्यं घेऊ. ‘बेळगाव नि सुन्दे इमास’ म्हणजे बेळगावात राहतो. ‘बेळगाव दे हाताराइते इमास’ म्हणजे बेळगावात काम करतो. राहणं, असणं, बसून असणं, म्हणजे वस्तू किंवा माणूस नुसता तिथं आहे, तर नि. तिथं काही घडतं, कुणी काही करतं, तर दे.

आता ‘आहे’ हा शब्द फसवतो. येळ्ळूरला राजहंसगड आहे. येळ्ळूरला यात्रा आहे. मराठीत वाक्य तेच, फक्त नाम बदललं. जपानीत: ‘येळ्ळूर नि ओशिरो गा आरिमास’, पण ‘येळ्ळूर दे ओमात्सुरि गा आरिमास’. क्रियापदही तेच आरिमास, तरी जोशि वेगळा. मी मुलांना सांगते, ‘आहे’ काढा आणि ‘भरते’ किंवा ‘होतो’ घालून बघा. यात्रा भरते, चालतं, म्हणून दे. गड भरत नाही, होत नाही, तो आहे तिथं आहे, म्हणून नि. लग्न, मॅच, मीटिंग, सगळं होतं, म्हणून दे.

उद्यमबागकर

बाई, हे आधी कुणीच सांगितलं नव्हतं. गड आणि यात्रा, आता डोक्यातून जाणार नाही. वहीत पहिल्या पानावर लिहून ठेवलं.

निपाणीची वाचक

मी दहावीपर्यंत कन्नड माध्यमात, घरात मराठी. दे च्या दुसऱ्या कामात कन्नड फार उपयोगी पडतं म्हणून लिहितेय.

बसनं जातो, ‘बासु दे इकिमास’. मराठीत ‘नं’. जपानीत बोला, ‘निहोंगो दे’. मराठीत ‘जपानीत’. मराठीत एकदा ‘नं’ आणि एकदा ‘त’, म्हणून दोन वेगळे नियम वाटतात. कन्नडात बघा: ‘बस्सिनल्ली होगतिनि’, ‘कन्नडदल्ली माताडरी’. दोन्हीकडं ‘अल्ली’. आपल्या बोलण्यात ‘बस्सिन्याग’, ‘कन्नडदाग’. वाहन, भाषा, कामाची जागा, तिन्ही एकाच प्रत्ययात. जपानी दे तसाच आहे. मला तर दे शिकावाच लागला नाही, अल्लीच्या जागी घातला.

आता ‘ला’चं. मुलाला बोलावलं, मुलाला सांगितलं. मराठीत दोन्ही ‘ला’. कन्नडात ‘हुडुगनन्नु करेदे’, पण ‘हुडुगनिगे हेळिदे’. एकात अन्नु, दुसऱ्यात गे. जपानीत ‘कोदोमो ओ योबिमाशिता’ आणि ‘कोदोमो नि इइमाशिता’. अन्नु तिथं ओ, गे तिथं नि. मराठी ‘ला’मध्ये अडकलात तर एकदा कन्नडात म्हणा, आपोआप सुटतं.

एक ठिकाणी मात्र कन्नड चुकवतं. भेटणं. मित्राला भेटलो, कन्नडात ‘गेळेयनन्नु’, म्हणून मी परीक्षेत ओ लिहून आले. उत्तर ‘तोमोदाची नि आइमाशिता’. तिथं मराठीचा ‘ला’ धरला असता तर गुण गेला नसता.

अनगोळची अक्का

धागा वाचायलेय. मुलगी दहावीला आहे, तिला पण दाखवते. एक विचारू? प्रश्नाला शेवटी ‘का’ लावतात म्हणे, ते आपल्यासारखंच काय?

खानापूरकर

होय अक्का, अगदी. येता का? ‘किमास का?’ वाक्य तसंच ठेवायचं आणि शेवटी का. ‘ने’ म्हणजे आपला ‘ना’: छान आहे ना, ‘इइ देस ने’. ‘यो’ म्हणजे समोरच्याला माहीत नाही ते सांगताना आपण ‘की’ लावतो तसं. स्टँडवर कुणी पेपर वाचत बसलंय आणि त्याची गाडी आलीय, तर आपण म्हणतो ‘बस आली की ओ!’ जपानीत ‘बासु गा किमाशिता यो’. मुलीला या तिन्हींपासून सुरुवात करायला सांगा, पहिल्याच दिवशी धीर येतो.

फक्त यो जपून वापरायचा. मोठ्या माणसाला दर वाक्यात यो लावला तर त्यांना शिकवायला निघाल्यासारखं होतं.

ओसाकातली बेळगावकर

मी इथं वृद्धाश्रमात काळजीवाहक म्हणून आहे, ‘तोकुतेइ गिनोउ’ म्हणजे विशिष्ट कौशल्याच्या व्हिसावर. जपाननं ही पद्धत 2019 च्या एप्रिलमध्ये सुरू केली, भारताशी करार जानेवारी 2021 मध्ये झाला. घरून लांब आहे, मराठीत जोशिची चर्चा बघून भरून आलं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

खानापूरकरांनी ‘बासु गा किमाशिता’ लिहिलं, त्यात वा नाही, गा आहे. मला तिथंच सगळ्यात जास्त वेळ लागला.

पहिल्या महिन्यातली रात्रपाळी. एका आजींनी बेल वाजवली. गेले तर कपाळाला हात लावून बसलेल्या. हळू आवाजात म्हणाल्या, ‘आतामा गा इताइ’. डोकं दुखतंय. मी ताप बघितला, पाणी दिलं, सिस्टरना बोलावलं आणि नोंदवहीत लिहिलं ‘आतामा ओ इताइ’. मला वाटलं, दुखणं डोक्याला होतंय, म्हणजे कर्म, म्हणजे ओ. सकाळी मोठ्या सिस्टरनी ओ खोडून गा केला आणि म्हणाल्या, आजी काय म्हणाल्या ते नीट आठव.

खोलीवर येऊन मी ते मराठीत म्हणून बघितलं. माझं डोकं दुखतं. दुखतं कोण? डोकं. डोकं हाच कर्ता! मी इंग्रजीतून विचार करत होते म्हणून घोळ झाला. मग एकेक वाक्य काढत गेले. मला मांजर आवडते, ‘नेको गा सुकि देस’. मला जपानी समजतं, ‘निहोंगो गा वाकारिमास’. मला पाणी हवंय, ‘मिझु गा होशिइ’. या सगळ्यांत क्रियापद ‘मला’कडं बघतच नाही. मला चहा आवडतो, मला भाकरी आवडते. आवडतो की आवडते, हे चहा आणि भाकरी ठरवतात. क्रियापद ज्याच्याकडं बघून बदलतं त्याला गा. आणि ‘मला’च्या जागी ‘वाताशी वा’, तेही गरज असली तरच. आमच्या बॅचमधल्या इंग्रजीतून शिकलेल्या मुली अजून इथं ओ घालतात.

खानापूरकर

ताई, अनुभव वाचून गलबलून आलं. पण हा नियम मी लगेच लावून बघितला आणि अडलो. ‘मी भाकरी खाल्ली’, ‘मी आंबा खाल्ला’. इथंही क्रियापद भाकरीकडं आणि आंब्याकडं बघतंय. म्हणजे गा?

शहापूरच्या बाई

नाही. तिथं ओच. मराठीत भूतकाळात कर्मणी प्रयोग येतो, म्हणून क्रियापद कर्माकडं वळतं. ताईंची कसोटी लावायची असेल तर वाक्य आधी वर्तमानात आणा. मी भाकरी खातो, मी भाकरी खाते. आता क्रियापद माझ्याकडं बघतंय, भाकरी नुसतं कर्म, म्हणून ओ. ‘मला भाकरी आवडते’ वर्तमानातही भाकरीकडंच बघतं, म्हणून गा. खानापूरकर, शंका विचारलीत ते बरं केलंत, नाहीतर इथं वाचणारे कितीतरी जण भूतकाळात गा लिहून आले असते.

ओ चं आणखी एक. मराठीत निर्जीव कर्माला काहीच लागत नाही. पाणी पितो. ‘मिझु ओ नोमिमास’ मधला ओ म्हणूनच विसरतो. कन्नडातही रोजच्या बोलण्यात ‘नीरु कुडितिनि’ म्हणतात, पण शाळेत लिहिताना ‘नीरन्नु’ लिहायची सवय असते. ती सवय कामाला लावा.

आता वा. वा म्हणजे ज्याच्याविषयी बोलायचं ते समोर ठेवणं. मी त्याला ‘तर’ म्हणते. ‘बासु गा किमाशिता’ म्हणजे बस आली, ही नवीन बातमी. ‘बासु वा किमाशिता’ म्हणजे बस तर आली, आणि ऐकणाऱ्याला वाटतं, मग काय नाही आलं? कंडक्टर? ‘झोउ वा हाना गा नागाइ’ हे जपानीतलं नेहमीचं उदाहरण: हत्ती म्हणाल तर, सोंड लांब. एका वाक्यात दोघंही बसले. आणि कोण, काय हे प्रश्नार्थक शब्द कर्ता असले की वा कधीच नाही. ‘दारे गा किमाशिता का?’ कोण आलं? उत्तरालाही गा. जे अजून माहीतच नाही ते ‘तर’ म्हणून समोर कसं ठेवणार?

ओसाकातली बेळगावकर

बाई, ‘तर’ मला पूर्ण पटत नाही. ‘वाताशी वा इंदोजिन देस’ म्हणजे मी भारतीय आहे. इथं ‘मी तर भारतीय आहे’ म्हटलं की उगाच ठसका येतो. सुरुवातीला मी प्रत्येक वा ला मनात तर लावायचे आणि माझं बोलणं भांडल्यासारखं व्हायचं.

शहापूरच्या बाई

मान्य. साध्या ओळखीच्या वाक्यात मराठीला काहीच लावावं लागत नाही, तिथं तर म्हणू नये. नकारात आणि तुलनेत मात्र तो बरोबर बसतो. ‘निहोंगो वा वाकारिमासेन’, जपानी तर येत नाही, म्हणजे दुसरं काहीतरी येतं. शिकवताना मी आता हा फरक सांगत जाईन.

निपाणीची वाचक

‘तो’ हा जोशि राहिला. मित्राशी बोलतो, ‘तोमोदाची तो हानाशिमास’, म्हणजे आपला ‘शी’. आणि दुसरा ‘तो’, कुणी काय म्हणालं ते सांगायचा. ‘येतो म्हणून सांगितलं’ मधला ‘म्हणून’, ‘बर्तिनि अंत हेळिद’ मधला ‘अंत’. ‘कुरु तो इइमाशिता’. आपल्याकडं सारखं ‘म्हणून, म्हणून’ म्हणतात म्हणून पुण्याची मावसबहीण मला टोकायची. त्याच ‘म्हणून’नं मला हा ‘तो’ पहिल्या दिवशी समजला.

मो म्हणजे ‘पण’ किंवा ‘ही’. मी पण जातो, ‘वाताशी मो इकिमास’. कन्नडात ‘नानू’ मधला लांब ऊ. मो आला की वा, गा, ओ निघून जातात, एवढं लक्षात ठेवा. कारा आणि मादे म्हणजे पासून आणि पर्यंत, त्यात अवघड काही नाही.

खानापूरकर

उद्यमबागकर, परीक्षेचं सांगतो, मी मागच्या वेळी दिली. एन-५ ला 180 पैकी 80 लागतात, पण भाषाज्ञान-वाचनात 120 पैकी 38 आणि ऐकण्यात 60 पैकी 19 वेगळे मिळवावे लागतात. चार तुकडे उलटसुलट देऊन वाक्य लावायला सांगतात आणि चांदणीच्या जागी कुठला तुकडा येतो ते विचारतात. तो प्रश्न आपला हक्काचा आहे. मराठी क्रमानं मांडा, बहुतेक वेळा चांदणी सापडते. केंद्र पुणे किंवा बेंगळुरू, जे सोयीचं ते बघा. मी पुण्याला रात्रीच्या गाडीनं गेलो आणि झोप न झाल्यामुळं ऐकण्याचा भाग जड गेला. आदल्या दिवशी पोचून मुक्काम करा.

उद्यमबागकर

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन रात्री बसून स्वतःच्या दिवसावर वाक्यं लिहिली. तपासाल काय?

वाताशी वा वडगाव नि सुन्दे इमास. माइनिचि शिचि जि नि ओकिमास. गोवावेस दे बासु नि नोरिमास. उद्यमबाग दे बासु कारा ओरिमास. कोउजोउ दे हाताराकिमास. योरु, हाहा नि देन्वा ओ काकेमास. निचियोउबि नि येळ्ळूर दे ओमात्सुरि गा आरिमास. तोमोदाची मो किमास.

म्हणजे वडगावात राहतो, रोज सातला उठतो, गोवावेसला बसमध्ये चढतो, उद्यमबागेत उतरतो, कारखान्यात काम करतो, रात्री आईला फोन करतो, रविवारी येळ्ळूरला यात्रा आहे, मित्र पण येतो. आई गावाकडं असते, रोज रात्री फोन करतो. ‘आईला’ म्हणून नि घातला.

शहापूरच्या बाई

फार छान. आईला नि बरोबर. राहण्याला नि, कारखान्यात काम करायला दे, यात्रेला दे, सगळं जागच्या जागी. बसमध्ये चढताना ‘नि नोरिमास’ कुणी न सांगता आलं, याचा विशेष आनंद झाला.

एकच. ‘बासु कारा ओरिमास’. बसमधून उतरतो, ‘बस्सिन्द इळितिनि’, दोन्ही भाषा पासूनच म्हणतात, म्हणून तुम्ही कारा घातला. कारा अगदी चूक नाही, पण परीक्षेत आणि रोजच्या बोलण्यात ‘बासु ओ ओरिमास’. जे सोडून निघतो त्याला ओ लागतो. घरातून निघतो, ‘इए ओ देमास’. पूल ओलांडतो, ‘हाशि ओ वातारिमास’, तिथंही ओच, कारण जी जागा पार करून जातो तिलाही तो लागतो. अशी पाच वाक्यं उद्या लिहून इथंच टाका.

उद्यमबागकर

दुरुस्त केलं, बाई. उद्यमबाग दे बासु ओ ओरिमास. उद्याची पाच वाक्यं बसमध्येच लिहितो.

अनगोळची अक्का

मुलीनं आत्ता मला विचारलं, ‘आई, ताबेमास का?’ जेवतेस का म्हणे. मी ‘हाइ’ म्हटलं.